गाडी लाईट ड्युटीवर

आमच्या आणि वहिनींच्या क्वार्टरमध्ये कुंपण आहे ते बेशरमीचं. आमच्या चिखल्याच्या मॅंगनीज खाणीच्या वस्तीला पाण्याची कमी नाही, त्यामुळे बेशरम तोडली की पंधरा दिवसांत पुन्हा कमरेएवढी. फांदी मोडून खोचा, तिथेच मूळ धरते. या कुंपणाला एके ठिकाणी वीतभर फट आहे. ती बकरीनं पाडली की आम्ही दोघींनी, याची चौकशी कोणी केलेली नाही. वाटीभर साखर, सांबाराची जुडी आणि वस्तीतली प्रत्येक बातमी त्याच फटीतून ये-जा करते.

वर्षभर तरी तिथली मुख्य बातमी एकच होती. भाऊजींची गाडी.

खाणीचा भोंगा पहिल्या पाळीची वेळ सांगतो, पण आमच्या लाईनीत कोणी भोंग्यावर उठत नाही. त्याच्या आधी पलीकडच्या अंगणातून आवाज येतो : घुर्र, घुर्र, घुर्र, खट्. मग थोडी शांतता. मग पुन्हा घुर्र. तिसऱ्या घुर्रला आमचे हे अंथरुणातूनच म्हणतात, "आज धक्का लागते." आणि बनियनवर बाहेर जातात. धक्का द्यायला लाईनीतली चार ठरलेली माणसं आहेत. त्यातला एक मागे बदली होऊन डोंगरीला गेला, तर भाऊजींना त्याच्या जाण्याचं दुःख सगळ्यांपेक्षा जास्त झालं.

गाडी पांढरी, छोटी, पेट्रोलची. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच भांडण. नंबर एमएच-36, म्हणजे भंडाऱ्याचीच. पासिंग मार्च 2011 चं. आता मार्च 2026 ला पंधरा वर्षं भरतात, आणि खरं पाहिलं तर सगळा विषय पेटला तो या तारखेमुळे. वस्तीत कोणीतरी उठवून दिलं की पंधरा वर्षं झाली की सरकार गाडी उचलून नेतं. वहिनी फटीपाशी आल्या त्या हसतच.

"ऐकलं का बाई? सरकार घेऊन जाते म्हने गाडी!"

"खरंच का?"

"मी तं म्हनलं, नेऊ दे ना बाप्पा. धक्का त्यायलेच मारा लागन."

पण तसं काही नाही. पेट्रोल गाडीला पंधरा वर्षं आणि डिझेलला दहा, हे दुखणं दिल्लीचं आणि तिच्या आजूबाजूचं. तिथल्या धुराचे हुकूम व्हॉट्सॲपवरून चिखल्याला येऊन पोचतात. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडी भंडाऱ्याला दाखवायची, तपासणीत पास झाली तर पुढच्या पाच वर्षांचं पासिंग मिळतं. फी मात्र वाढली. एप्रिल 2022 च्या आधी 600 रुपयांत भागायचं, तेव्हापासून 5,000. वरून पर्यावरण कर वेगळा. आणि गाडी वीस वर्षांची झाली की 10,000, हे ऑगस्ट 2025 पासून. म्हणजे सरकार गाडी नेत नाही, फक्त दरवेळी विचारतं की ठेवायचीच आहे का, नक्की ना?

भाऊजींचं उत्तर तयार होतं. "पाच हजार म्हंजे काय, वर्षाले हजार रुपये झाले. तेवढ्याचा तं पानखर्रा होते."

"पाहा," वहिनी मला म्हणाल्या, "कबूल तं केलं, खर्रा कितीचा होते ते."

आता वहिनींच्या कालनिर्णयबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळा खटला त्यावरच चालला. स्वयंपाकघरात दाराच्या मागे ते लटकतं. दूध किती, गॅस कधी लागला, कोणाकडे किती उसने, हे सगळं तारखेच्या चौकोनात. 2025 च्या जानेवारीपासून वहिनींनी आणखी दोन खुणा सुरू केल्या होत्या. गाडीवर खर्च झाला की आकडा, आणि गाडी जाग्यावर उभी राहिली त्या दिवशी फुली. भाऊजींना पत्ताच नाही. डिसेंबरच्या एका दुपारी ते कालनिर्णय खिळ्यावरून उतरून फटीतून माझ्याकडे आलं. मी बेरीज केली, कारण वहिनी म्हणाल्या की त्यांनी केली तर घरातला माणूस मानणार नाही.

बॅटरी 4,200. क्लच 6,500. रेडिएटर 3,800. सेल्फचं काम दोनदा, 1,400 आणि 900. मागचे दोन टायर 7,000. हेड गॅस्केट 9,000. आणि गोबरवाहीच्या अलीकडून टोचन करून आणायचे, वर्षभरातले मिळून 1,500. बेरीज 34,300.

मी डोक्याला हात लावला. वहिनी मात्र शांत. त्यांचं म्हणणं, टायर आणि बॅटरी यातून काढा. कोणतीही गाडी असती तरी टायर झिजलेच असते, बॅटरी बसलीच असती; तो गाडीचा दोष नाही, तो तिचा जेवणखर्च आहे. हे मला पटलं. आपल्याकडे गाडी विकायची असली की सगळा खर्च एका पोत्यात भरून दाखवतात आणि ठेवायची असली की अर्धा खिशात लपवतात. ते 11,200 काढले तर उरले 23,100. महिन्याचे झाले 1,925.

संध्याकाळी भाऊजी कुंपणाशी आले तेव्हा त्यांना हाच आकडा सांगितला, आणि ते एकदम खूश! वायंडिंगवरचा, म्हणजे खाणीचा पिंजरा खाली-वर करणाऱ्या यंत्रावरचा, फिटर माणूस, त्यांचं गणित पक्कं. "नवी घेतली, चार लाखाचं लोन काढलं, पाच वर्षं, नऊ टक्क्यानं, तं हप्ता आठ हजार तीनशेच्या घरात बसते. इकडं दोन हजारात भागून राह्यलं. मले सांगा, शहाना कोन?"

खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर नव्हतं. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. उपकर होता तोही गेला. पुण्याहून त्यांचा मुलगा तेव्हापासून दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हेच सांगतो की बाबा, आता घ्या, स्वस्त झाल्या. झाल्या असतील, पण दुरुस्तीपेक्षा हप्ता स्वस्त होत नाही. जुनी गाडी पैशानं परवडत नाही असं लोक सहज बोलतात. कागद घेऊन बसलं की बहुतेकदा जुनीच परवडते. आणि भाऊजींच्या नोकरीची तीनच वर्षं उरलीत, हप्ता पाच वर्षांचा. शेवटची दोन वर्षं कोण भरणार, फंडातून?

मग वहिनी बोलल्या. "पैशे राहू द्या. फुल्या मोजा."

फुल्या निघाल्या एकेचाळीस.

एकेचाळीस दिवस गाडी अंगणात नाहीतर मिस्त्रीच्या कडुनिंबाखाली उभी. भाऊजी म्हणाले, "त्यातले तीस दिवस तं आपल्याले कुठं जायाचंच नव्हतं." हेही खरं होतं! पण वहिनींनी तीन फुल्यांना गोल केलेलं होतं.

पहिला गोल फेब्रुवारीतला, महाशिवरात्रीचा. गायमुखची यात्रा, मागच्या सीटवर पाहुणे, डिक्कीत शिदोरी, आणि चढावर काट्यानं लाल पट्टी गाठली. पाहुण्यांना ट्रॅक्टरमध्ये बसवून दिलं. ती गोष्ट लग्नकार्यात अजून सांगितली जाते, पण ती हसण्यावारी गेली.

दुसरा गोल ऑगस्टमधला. रेल्वे फाटकावर मॅंगनीजची रेक जाईपर्यंत इंजिन बंद केलं. फाटक उघडलं, मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू, आणि आपली खट्. सेल्फ. रोवणा आटपून परतणाऱ्या बायांनी धक्का दिला. "चिखलाचे पाय होते वं त्यायचे," वहिनी म्हणाल्या, "मले मेल्याहून मेल्यावानी झालं."

तिसऱ्या गोलाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मला बोलायची गरज नव्हती, मी तिथेच होते. ऑक्टोबर, रात्रीचा दीड. वहिनींच्या घरच्या आजींना श्वास लागला. अठ्ठ्याहत्तरची बाई, उशीला टेकून बसलेली, ओठ निळसर. भाऊजींनी त्यांना उचलून गाडीत ठेवलं, किल्ली फिरवली. खट्. घुर्रसुद्धा नाही. लाईनीतले चारही जण अंधारात धावत आले. तीनदा धक्का दिला, शाळेच्या वळणापर्यंत. मग आमच्या ह्यांनी 108 ला फोन लावला. तेवढ्यात ठेकेदाराची बोलेरो आली आणि 108 ला परत फोन करून राहू द्या म्हणून सांगितलं. दवाखाना तुमसरला, इथून वीस-पंचवीस किलोमीटर, मधे जंगल, रात्री रस्त्यात रानडुकरं. आजी आठ दिवसांनी घरी आल्या, आता उन्हात बसून मुगाच्या वड्या घालतात. पण त्या रात्री शाळेच्या वळणावर भाऊजी बोनेटला हात लावून उभे होते, ते मी पाहिलं आहे.

म्हणून मी त्या दिवशी कुंपणाशी त्यांना एक विचारलं. खाणीत जायचा योग आम्हा बायकांना येत नाही, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून सगळं पाठ आहे. म्हटलं, "भाऊजी, पिंजऱ्याचा दोर तुम्ही केव्हा बदलता?"

त्यांचा चेहरा खुलला. कामाचं विचारलं की हा माणूस वेगळाच होतो. सांगू लागले की दोर रोज पाहायचा, तेल-ग्रीस द्यायचं, रजिस्टरवर सही करायची. ठरलेल्या मुदतीला दोराचं टोक कापून नवी कॅपिंग करायची. कापलेला तुकडा फेकून द्यायचा नाही, पीळ उलगडून आतल्या तारा पाहायच्या, कारण दोर बाहेरून चांगला दिसतो आणि आतून गंजतो. आणि मुदत भरली की काढायचाच. कितीही धडधाकट दिसो.

"तुटेपर्यंत नाही वापरत?"

"तुटेपर्यंत? त्याले मान्सं लटकतात ना खाली!"

बोलून गेले आणि थांबले. कुंपणापलीकडे आजी वड्या घालत होत्या.

वहिनींनी हातातलं सूप खाली ठेवलं. "खदानीत दोर तुटाच्या आधी काढता. घरी तुटल्यावर गाठ मारता."

मला वाटतं गाडी ठेवावी की काढावी याचं सगळं मर्म त्या एका वाक्यात आहे. गाडी किती खाते हा सवाल दुय्यम. ती कोणत्या दिवशी दगा देईल हे आपल्याला आधी कळतं का, हा खरा. क्लचप्लेट झिजते तेव्हा महिनाभर सांगत असते : पाय जड होतो, चढावर वास येतो. टायर डोळ्यांना दिसतो. अशी दुरुस्ती करत गाडी पंचवीस वर्षं चालवावी, काही बिघडत नाही. पण भाऊजींच्या गाडीचं दुखणं त्या जातीचं नव्हतं. रेडिएटर आतून चोंदला होता, वर्षानुवर्षं बोअरिंगचं जड पाणी ओतून ओतून. त्यानं इंजिन तापलं, तापून हेड वाकलं, वाकलं म्हणून गॅस्केट गेलं, ऑइलमध्ये पाणी शिरलं. मिस्त्रीनं झाकण उघडून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "बाई, इंजिनात तं चहा झाला." एकदा असं तापलेलं इंजिन पुन्हा केव्हा तापेल, याचा भरवसा मिस्त्रीही देत नाही.

मिस्त्री मात्र दोष पेट्रोलला देतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल येतं, ते जुन्या गाडीचे रबरी पाइप खातं, म्हणतो. त्यात तथ्य आहे. इथेनॉल पाणी ओढतं, आणि 2011 च्या गाडीचे रबर, गॅस्केट काही वीस टक्क्यांसाठी बनलेले नव्हते. पण मिस्त्रीला आता हे एक बरं निमित्त सापडलंय, वायपर चालला नाही तरी पेट्रोल नवीन आहे म्हणतो.

त्याची एक गोष्ट तरी मान्य करायला हवी. जुनी गाडी त्याच्या हाताला कळते. आवाजावरून, वासावरून. नव्या गाडीला लॅपटॉप लावावा लागतो आणि तो कडुनिंबाखाली नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की भंडारा गाठा, नाहीतर नागपूर, शंभराहून जास्त किलोमीटर. बेभरवशाची पण हाताजवळची, की भरवशाची पण दूरवर दुरुस्त होणारी? पुण्याच्या मुलाला हा प्रश्न पडतच नाही, त्याच्या गल्लीत तीन शोरूम आहेत.

भाऊजी इतक्या सहज मानणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा आणला. आत्ताच नऊ हजार घालून हेडचं काम केलं, आता विकायची म्हणजे ते पैसे मातीत. कबाडी सगळे मिळून पंचवीस हजार देतो म्हणतो.

"वाहून गेलेल्या पान्यावर रोवना होते का?" वहिनी म्हणाल्या. "नऊ हजार गेले ते गेले. गाडी ठेवा का विका, ते काही वापस येत नाई."

मी सहज म्हटलं, रीतसर स्क्रॅप केली तर सर्टिफिकेट मिळतं, नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळते, 2021 च्या धोरणात तसं आहे. भाऊजींना स्क्रॅप हा शब्दच झोंबला. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं. "तसं पाह्यलं तं पत्र्यात आपलाच दगड आहे. मॅंगनीजबिगर पोलाद होत नाई. भट्टीत जाईन, पुन्हा पोलाद होईन." एवढं बोलून गाडीकडे बघत राहिले. आमची खाण चालवणारी मॉइल कंपनी 1962 ची, त्याच्या आधी इंग्रजांची कंपनी. भाऊजींच्या आजोबांनी याच डोंगरातला दगड डोक्यावर वाहिला. या घरात दगड, पोलाद आणि गाडी यांचं नातं थोडं भावकीचंच आहे.

यात आजींचं मत कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी वड्यांवरून मान न उचलता सांगितलं, "मले तं यष्टीच बरी. पंच्याहत्तरच्या वरचे फुकट. अन् हिले अर्धी तिकीट." हे खरं आहे. वहिनी तुमसरला बाजाराला बसनंच जातात. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत निम्मं भाडं झालं तेव्हापासून त्यांनी गाडीत बसायचा आग्रहच सोडलाय. एकदा तर त्या बसच्या खिडकीतून गेल्या आणि भाऊजी रस्त्याच्या कडेला बोनेट उघडून उभे. कंडक्टरला बस थांबवायला सांगितली नाही. मला म्हणाल्या, "मी हात केला ना पन."

निकाल शेवटी भाऊजींनीच लावला, आणि तो खाणीच्या भाषेत लावला. तिथे एखाद्या कामगाराची पाठ गेली किंवा छातीत दुखू लागलं, तर त्याला घरी बसवत नाहीत. मेडिकल होतं आणि लाईट ड्युटी मिळते : खाली उतरायचं नाही, वर टाइम ऑफिसात नाहीतर गेटवर. भाऊजी म्हणाले, गाडी लाईट ड्युटीवर. गोबरवाहीचा बाजार, स्टेशन, रेशन, एवढंच. तुमसरच्या पुढे नाही. अंधार पडल्यावर नाही. आजीला बसवून तर मुळीच नाही. रात्रीबेरात्रीसाठी ठेकेदाराचा आणि भाड्यानं गाडी देणाऱ्या एका पोराचा नंबर मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवला. त्याच्या वर 108.

मला हा निकाल आवडला. नव्या गाडीची घाई नाही, जुनीवर आंधळा जीव नाही. जे काम तिच्यानं होतं ते तिच्याकडून घ्यायचं, ज्या कामाला माणूस लटकतो ते काढून घ्यायचं. वहिनींचं मात्र समाधान झालं नाही.

"लाईट ड्युटीवाला बी रिटायर होते का नाई?"

"होते."

"मंग तारीख लिवा. दोराची लिवता तशी."

बरीच घासाघीस झाली. भाऊजींनी आधी "पाहू" म्हटलं. वहिनी म्हणाल्या, कालनिर्णयमध्ये पाहू अशी तारीख नसते. शेवटी ठरलं ते असं : पासिंगआधी दहा हजारांच्या वरचं एक जरी काम निघालं, किंवा इंजिन एकदा जरी तापलं, तर भंडाऱ्याला न्यायचीच नाही, पाच हजार भरायचेच नाहीत. काही निघालं नाही तरी 15 मार्चला मिस्त्रीकडून शेवटची तपासणी, आणि तोपर्यंत मुलाच्या ओळखीनं नागपूरला एखादी चार-पाच वर्षांची जुनी गाडी पाहून ठेवायची. नवी नाही. हप्ताही तीन वर्षांतच संपणारा.

2026 चं कालनिर्णय आणून झालं होतं. भाऊजींनी मार्चचं पान उघडलं, पंधरा तारखेच्या चौकोनात काहीतरी लिहिलं आणि पाळीवर निघून गेले, सायकलनं.

अर्ध्या तासानं फटीतून वहिनींचा हात आला.

"बाई, पेन आहे का? यायनं पेन्सिलीनं लिवलं."